चाळीस वॅटची भीती

नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथं ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. जॅक्सन यांना भुतं जमवायचा नाद होता, हे मात्र त्या पुस्तकात नसतं. संस्कृतचा अभ्यास केलेला हा साहेब. लोक त्यांना पंडित म्हणत. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नांची यादी धाडून गावोगावच्या समजुती लिहून मागवल्या होत्या. तुमच्याकडे भुतं किती जातीची? ती कुठं राहतात, कुणाला धरतात, कशानं सोडतात? मास्तरांनी सरकारी काम समजून उत्तरं लिहिली. साहेब गेले, कागद राहिले. पुढं एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ते नीट लावले आणि १९१५ साली कोकणचा भाग पुस्तकरूपानं निघाला. त्याच्या तळटीपांत माहिती देणाऱ्याचं नाव नसतं. ‘शाळामास्तर, अमुक गाव’ एवढंच.

हे पुस्तक मी नोकरीतून मोकळा झाल्यावर वाचलं. वीज मंडळात उपकेंद्रावर ऑपरेटर म्हणून माझी सगळी हयात खेड-चिपळूण पट्ट्यात गेली, आणि भुताखेतांची पुस्तकं वाचण्याचं व्यसन तिथंच, रात्रपाळीत लागलं. त्यामुळं मास्तरांची यादी वाचताना ओळखीचे लोक भेटल्यासारखं झालं. समंध, मुंजा, झोटिंग, गिऱ्हा, खवीस, देवचार, हडळ, जखीण, लावसट, अलवंतीण. पिंपळावरचा मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला पोरगा. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेल्याचा. खवीस मुसलमानाचा. म्हणजे मेल्यावरही जातपात चुकलेली नाही, ती मास्तरांनी इमानदारीनं नोंदवलीय.

पण मला त्या यादीत वेगळंच दिसलं. बायकांच्या भुतांपाशी थांबून बघा. अलवंतीण कोण, तर बाळंतपणात गेलेली. जखीण नवरा जिवंत असताना गेलेली, लावसट विधवा म्हणून गेलेली. तिन्ही प्रकारांत बाई कशी जगली याचा पत्ता नाही. ती कोणत्या अवस्थेत मेली त्यावर तिचं नाव ठरलं. गावात डॉक्टर नाही, बाळंतिणीची खोली घरातली सगळ्यांत अंधारी, वारा येऊ नये म्हणून फटी बुजवलेल्या, आत शेगडीचा धूर. अशा खोलीतून बाई तिरडीवर बाहेर निघायची, आणि ती परत येऊ नये म्हणून वाटेवर लोक राळे नाहीतर मोहरी टाकत जायचे. दाणे वेचण्यात तिची रात्र सरावी आणि घर गाठायच्या आत उजाडावं, हा हिशेब. उंबऱ्यात खिळा ठोकायचा तो वेगळाच. हे सगळं करणाऱ्या माणसांना भीती वाटत होती यात शंका नाही. मजा मात्र कुणालाच येत नव्हती. आमच्या आजीची थोरली जाऊ अशीच गेलेली. आजी त्या खोलीविषयी कधी बोलली नाही. विचारलं तर म्हणायची, “तुला काय करायच्यात चौकशा? जा, गाईला पाणी दाखव.”

खऱ्या भुताची गोष्ट अशी थोडक्यात संपते. भूत म्हणजे सामाईक बांधावरचा भाऊबंद. त्याच्याशी वैर परवडत नाही आणि सलगी करायची सोय नाही. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. सरळ व्यवहार आहे. त्यात रंजन शोधायला जावं तर हाती काही लागत नाही.

मग माणसं पैसे मोजून घाबरायला कधीपासून लागली?

लाकडं फोडावीत तसा दोन तुकड्यांत हा इतिहास पडत नाही, हे आधी कबूल करतो. भीतीची चव आमच्याकडे विजेच्या आधीपासून थोडी थोडी होतीच. शिमग्यात खेळे यायचे. त्यांच्यातला संकासुर अंगभर काळा झगा, डोक्यावर उंच टोकाची टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू अशा थाटात यायचा. तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. पाणंदीच्या वळणावर घुंगरांचा आवाज आला की आम्ही पोरं माजघरात पळायचो, आणि तो पुढच्या घरी गेला की त्याच्या मागं मागं. दशावतारी नाटकात मध्यरात्री राक्षस गॅसबत्तीच्या पुढ्यात उभा राहिला की त्याची सावली देवळाच्या भिंतीवर चढायची. पुढची पोरं आईच्या पदरात तोंड लपवायची, पण झोपायला घरी चला म्हटलं तर रडायची. भोवती माणसं आहेत, उजेड आहे, राक्षस म्हणजे मधल्या आळीतला अमुक हे ठाऊक आहे. एवढं भांडवल जमलं की भीती गोड लागते.

छापील मराठीतही अद्भुताला तोटा नव्हता. स्मशान, झाडाला लोंबणारं प्रेत आणि राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा वेताळ हे सगळं सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास ‘वेताळपंचविशी’त मराठीत आणलं. पण त्या वेताळाला बुद्धीची हौस जास्त. तो राजाला प्रश्न विचारतो, घाबरवत नाही. पुढं १८६१ ची ‘मुक्तामाला’ आली, तिच्या मागून तशाच अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या, आणि रंजनाचा हा प्रवाह वाहत राहिला. त्यावर फार वेळ घालवण्यासारखं मला काही वाटत नाही.

खरा बदल झाला तो घर बदललं तेव्हा. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. एन्थोवेनचं भुतांचं पुस्तकही त्याच वर्षीचं. मला हा योग फार आवडतो. घाटाखाली पाणी पडून मुंबईच्या गिरण्या विजेवर फिरू लागल्या आणि त्या गिरण्यांत कोकणातली माणसं भरली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत चाळीसचा बल्ब, भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा खोकला, जिन्यावर रात्रभर पावलं. तिथं हडळीला जागाच नाही. गावच्या घराची पडवी, बळद, पोटमाळा, परसातला आड हे सगळं दोनशे मैल लांब राहिलं. लांब राहिलं म्हणून त्याची गोष्ट करता येऊ लागली. गणपतीला गावी आलेला चाकरमानी आमच्यापेक्षा जास्त रंगवून भुतं सांगायचा, कारण त्याला आठ दिवसांनी बोटीनं किंवा एस्टीनं परत जायचं असायचं. आम्हाला तिथंच राहायचं असायचं.

मासिकांनी हे नेमकं ओळखलं. अनंत अंतरकर यांनी १९४६ साली ‘हंस’ काढलं, पुढं ‘मोहिनी’ आणि ‘नवल’. त्यांतलं ‘नवल’ म्हणजे गूढ, चमत्कारिक, अनाकलनीय गोष्टींचं माहेरघर. त्याच काळात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पावकिलोच्या हिशेबानं खपत होत्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं पोराटोरांच्या तोंडी होती. ज्या वाचनालयांनी अर्नाळकर पोसले, त्यांनीच पुढं भयकथा पोसली. महिन्याची वर्गणी भरायची, खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं पुस्तक घरी न्यायचं. वेष्टणामुळं वडिलधाऱ्यांना आत काय आहे ते कळत नसे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं ‘रात्री वाचू नये’ असं लिहिलेलं असायचं. वाचनालयाला याहून स्वस्त जाहिरात मिळाली नसती.

आणि मग नारायण धारप.

धारप १९२५ चे, गेले २००८ साली, पुण्यात. शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. माणूस बी.एस्सी. टेक, म्हणजे तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलेला. हे त्यांच्या गोष्टीत मला पानोपानी जाणवतं. यंत्र उघडून दाखवावं तशी ते भीती जोडतात. पहिली काही पानं भुताचं नाव नाही. शहरातला कुणी नोकरदार, त्याचा पगार, त्याच्या लग्नाचं चाललेलं. वकिलाचं पत्र, कुणा दूरच्या आप्ताचा बंद पडलेला वाडा. बैलगाडी किंवा टांगा, वाटेवरचा गप्प गाडीवान. वाड्याचं दार उघडतं, आत ओल आहे. एवढंच. दुसऱ्या दिवशी उन्हात सगळं ठीक दिसतं. फक्त एक खोली बाहेरून मोजली तर जितकी लांब भरते तितकी आतून भरत नाही. भयकथेतलं सगळं कसब मला या फरकात दिसतं. हिशेबात न बसणारी दोन फूट जागा. माझ्यासारख्या मीटर वाचणाऱ्या माणसाला आकडा जुळला नाही की झोप येत नाही. धारपांनी ती दुखरी जागा बरोबर हेरली.

त्यांचा ‘समर्थ’ फार लोकप्रिय. अघोरी शक्तींशी सामना करणारा, शांत, सात्त्विक माणूस. अप्पा त्याचा सोबती. लोकांना तो आवडायचं कारण उघड आहे, मराठी घरात ‘समर्थ’ म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. पण मला विचाराल तर समर्थकथा म्हणजे धारपांचा दुसरा दर्जा. समर्थ आला की वाचक पाय पसरून बसतो. आता काय, हा निपटणार. ज्या कथांत असा कुणी येत नाही, माणूस एकटा, त्याची बायको त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि शेवटच्या ओळीपर्यंत मदत पोचत नाही, तिथं धारप खरे. ‘अनोळखी दिशा’तल्या कथा मी किती लोकांना वाचायला दिल्या असतील त्याची गणती नाही. काहींनी पुस्तक परतच केलं नाही, त्याला इलाज नाही.

धारपांनी इंग्रजीतून उचललं असं नाक मुरडणारे तेव्हाही होते, आताही आहेत. स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वरून ‘लुचाई’ आणि १९८६ च्या ‘इट’वरून ‘शपथ’ आली हे खरंच आहे, ते झाकायचं कारण नाही. पण नुसतं उचलून भागत नाही. अमेरिकेतल्या गावात चर्च आहे, क्रूस आहे, पवित्र पाणी आहे. आमच्याकडे त्याच्या जागी काय ठेवायचं? कुणाच्या घरात कोण कुणाला आधी हाक मारेल, संशय आला तर माणूस पोलिसात जाईल की मारुतीच्या देवळात? हे सगळं नव्यानं बसवावं लागतं. परदेशी मोटर आणली तरी वायरिंग इथल्या व्होल्टेजचंच करावं लागतं. नाहीतर पहिल्या रात्री जळते.

व्होल्टेजचं निघालंच आहे तर सांगतो. कोकणात बऱ्याच गावांना विजेचा पहिला दिवा दिसला तो साठ-सत्तरच्या दशकांत. वीज मंडळच मुळी १९६० चं. लाइन डोंगर चढून, नद्या ओलांडून जायची. फीडरच्या शेवटच्या टोकाला संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की २३० चे १६० व्होल्ट व्हायचे. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगानं पडतो. १६० व्होल्टला चाळीसचा बल्ब मूळ उजेडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच लागतो. तार पांढरी न होता तांबूस दिसते. खोलीच्या मधोमध पाटावरचं पुस्तक वाचता येतं, कोपरा दिसत नाही, आणि फळीवरच्या पितळी डब्यांवर नुसती चकाकी. वीज नाही असं म्हणता येत नाही आणि आहे असंही. तक्रारी घेऊन आलेल्या माणसांना मी ट्रान्सफॉर्मरची क्षमता, तारेचा जाडपणा वगैरे समजावून सांगायचो. मनात मात्र यायचं, की धारप वाचायला महाराष्ट्रात याहून सुरेख उजेड कुठं मिळायचा नाही. कंदिलात वाचणाऱ्याला अंधार रोजचाच. ट्यूबलाइटखाली वाचणाऱ्याला तो कुठंच नाही. भयकथेचा पक्का वाचक या दोघांच्या मधला, शेवटच्या खांबावरचा.

आम्हा ऑपरेटर लोकांचं तर काय विचारता. पावसाळ्यातली रात्रपाळी. तासातासाला लॉगशीटवर व्होल्टेज आणि अँपिअर लिहायचे. मधल्या वेळात ट्रान्सफॉर्मरचा एकसुरी हुंकार आणि बाहेर कौलांवर पाऊस. फीडर ट्रिप झाला की ब्रेकर असा धाडकन पडायचा की पुस्तक हातातून सुटायचं. समोरच्या डोंगरावरचे ठिपके एकदम विझायचे. त्या गावांत तेवढा वेळ आजीची सगळी मंडळी परत येत असणार, असं मी लाइनमनला म्हणायचो. तो म्हणायचा, “साहेब, तुम्ही ती पुस्तकं बंद करा, मला खांबावर चढायचंय.” त्याचं बरोबर होतं. ज्याला अंधारात खांबावर चढायचं असतं त्यानं भयकथा वाचू नये. वाचनाचा हा प्रकार बसल्या जागेवरच्या माणसांसाठी आहे.

रत्नाकर मतकरींनी याच बसलेल्या माणसाला धरलं. मतकरी १९३८ चे. बँक ऑफ इंडियात नोकरी, एकीकडे नाटकं, मुलांची ‘अलबत्या गलबत्या’सारखी बालनाट्यं, आणि दुसरीकडे ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘निजधाम’, ‘कबंध’. ते त्यांना गूढकथा म्हणत. एकाच माणसानं पोरांना हसवायचं आणि त्यांच्या आईबापांची झोप घालवायची, हे मला भारीच वाटतं. धारपांचा वाडा मतकरींना लागत नाही. फ्लॅट पुरतो, लोकल पुरते, भर दुपार पुरते. भूत बाहेरून यावं लागत नाही, कारण कुणाच्या तरी मनात ते आधीच घर करून असतं. लोभ, मत्सर, लपवलेली एखादी नीच गोष्ट. धारप वाचून मी खिडकी लावून घ्यायचो. मतकरी वाचून समोरच्या माणसाकडं नीट बघायचो. करोनानं २०२० च्या मे महिन्यात मतकरी गेले. त्या दिवसांत रस्ते, दवाखाने, बंद दारं सगळंच त्यांच्या कथेसारखं झालं होतं.

सिनेमाकडे मी उशिरा वळलो. पडद्यावरची भीती मला मुळात उजेडाचं काम वाटते. १९४९ चा ‘महल’ घ्या. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, दिग्दर्शक कमाल अमरोही, कॅमेऱ्यावर योसेफ वीरशिंग नावाचा जर्मन. झुंबर डुलतं, हवेलीत मधुबाला दिसते न दिसते, आणि गाणं कानावर पडतं. लताबाई तेव्हा जेमतेम विशीच्या. गाणं लांबून जवळ येतंय असं वाटावं म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यापासून गात गात माइकपर्यंत चालत आल्या, असं त्यांनीच सांगितलंय. पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून पात्राचंच, म्हणजे कामिनीचं नाव होतं. लोक विचारत सुटले, की ही कोण? म्हणजे आवाजालासुद्धा शरीर नव्हतं. याच्याहून चांगलं भूत मुद्दाम घडवायचं म्हटलं तरी घडलं नसतं. आणि गंमत अशी, की ‘महल’मध्ये अखेर भूत निघतच नाही.

आमच्याकडे मराठीत १९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. नरसूच्या भुताचा धसका घेतलेली आशा काळे, सोबत काशिनाथ घाणेकर, हृदयनाथांचं संगीत. तंबूतल्या टॉकीजमध्ये बायाबापड्यांनी तो पाहिला आणि कित्येक दिवस नरसूचं नाव घेतल्यावर पोरं जेवायची. रामसे बंधूंचा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्याच्या आधीचा, १९७२ चा. सात भाऊ, सगळं खातं घरचं. लेखन, कॅमेरा, ध्वनी आपसांत वाटून घेतलेलं. महाबळेश्वरला सगळं बिऱ्हाड नेऊन तिथंच चित्रीकरण उरकलं. त्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण मला त्यांचे सिनेमे घाबरवत नाहीत. राक्षस पहिल्या अर्ध्या तासात नखांसकट दाखवला, वर त्याच्यावर हिरवा दिवा सोडला, की उरलं काय? माणसाला दिसलेल्या गोष्टीशी झगडता येतं. नंतरच्यांत ‘लपाछपी’ (२०१७) चांगला. त्यानं उसाचं शेत वापरलं. ज्यानं रात्री उसाला पाणी लावलंय त्याला विचारा, उसाच्या फडात हातभरापलीकडं काय आहे ते कळत नाही, आणि पातं पात्याला घासून होणारा आवाज माणसाच्या चालीसारखाच येतो. भुताला वेगळा मेकअप करायची गरज नाही.

‘तुंबाड’वर मात्र मी जरा हक्क सांगतो, कारण गाव आमच्या तालुक्यातलं. जगबुडी नदीचा काठ, खेड तालुका. श्री. ना. पेंडशांनी १९८७ साली दोन खंडांत ‘तुंबाडचे खोत’ लिहिली, तेव्हापासून ते नाव महाराष्ट्राच्या नकाशावर आलं. राही अनिल बर्वे यांनी नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून धारपांची एक गोष्ट ऐकली, १९९३ साली. ती डोक्यात घोळत राहिली. सिनेमाला नाव पेंडशांच्या तुंबाडचं दिलं, वाडा सापडला सासवडला, आणि चित्रपट पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. मधला काळ बघा, पंचवीस वर्षं. खरा पाऊस हवा म्हणून त्यांनी कितीतरी पावसाळे थांबून चित्रीकरण केलं. हिंदी सिनेमात पाऊस म्हणजे टँकर आणि नळी, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली किंमत कळेल. टँकरचा पाऊस चकाकतो. कोकणातला पाऊस करडा असतो, तो उजेड पितो. दुपारी तीन वाजता दिवा लावावा लागतो आणि भिंतीला हात लावला की हात ओला होतो. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यानं ते टिपलंय. वाड्यात जेवढा उजेड कंदिलाचा असेल तेवढाच पडद्यावर दिसतो, पुढं काळोख. पुण्यात मुलाकडे असताना तो थिएटरात पाहिला. शेजारी बसलेली तरुण मंडळी पडद्यावरच्या हस्तर नावाच्या राक्षसाला घाबरली असतील. मला त्या भिंतींची ओल ओळखीची होती आणि मी तिच्यानंच अस्वस्थ झालो.

शिवाय गोष्ट आमचीच. १९१८ ते १९४७ चा काळ, पडलेला वाडा, आत पुरलेलं धन आणि बापाची हाव मुलाच्या अंगात. धारपांच्या वकिलाच्या पत्रापासून इथपर्यंत मराठी भयकथेत वारशाचाच तंटा आहे. शहरात गेलेल्यांनी गावचं घर टाकलं, भाऊबंदांशी कोर्टकज्जे केले, विधवा चुलतीला मागच्या खोलीत ठेवलं; ती खोली मग गोष्टीत येऊन बसते. आपल्याकडं जंगलातलं अनोळखी भूत थोडं. बहुतेक सगळी भुतं सातबाऱ्यावर नाव असलेलीच. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली ती या एका गोष्टीवर चालली, की गावाकडचं घर, मालवणी बोली आणि वाटणीचा वाद. तिच्यातले अण्णा नाईक काही भूत म्हणून लक्षात राहिले नाहीत. प्रत्येक वाडीत असा एक म्हातारा असतो म्हणून राहिले. ऋषीकेश गुप्ते यांची ‘अंधारवारी’ आणि पुढं ‘दंशकाल’ ही पुस्तकंही मी याच रांगेत ठेवतो. तिथं भीती घरातल्या माणसांच्या बोलण्यातून झिरपते.

‘तुंबाड’ २०१८ मध्ये बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. थांबून घाबरायची गोडी लोकांना आहे, हे त्यातून निर्मात्यांना कळलं असेल अशी आशा. धारपही परत छापले जातायत. हे फार गरजेचं होतं, कारण जुन्या प्रतींचे कागद पिवळे पडून तुकडे होत होते, आणि वाचनालयंच्या वाचनालयं बंद पडली. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २६ जुलै २००५ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा. पुस्तकं फुगून कपाटांत अशी घट्ट बसली की दारं उघडेनात. चिखलातून काढलेल्या ढिगात कथा-कादंबऱ्या कोणत्या आणि धर्मग्रंथ कोणते ते ओळखू येत नव्हतं. ज्यांनी त्या कोसळलेल्या कपाटांतून पुन्हा वाचनालय उभं केलं त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं.

एक तक्रार तेवढी लिहून ठेवतो. नव्या आवृत्त्या देखण्या आहेत, कागद पांढरा, अक्षर मोठं, माझ्या वयाला सोयीचं. पण मुखपृष्ठांवर कवट्या, लाल डोळे, रक्ताचे ओघळ. दुकानात पुस्तक हातात घेण्याआधीच भूत दाखवून टाकलंय. प्रकाशकांना विनंती आहे, पुढच्या खेपेला नुसतं एक बंद दार छापा, आणि रंग खाकी ठेवा.